सोबिनोवच्या तबकड्यांचा संच: सात महिने ऐकल्यावर

घेतल्या घेतल्या लिहायला बसलो असतो तर एकच तारा दिला असता. लेओनिद सोबिनोव या रशियन टेनरच्या (टेनर म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) जुन्या तबकड्या तीन सीडींवर आणणारा हा संच. पहिल्या संध्याकाळी ऐकू आलं ते असं: कढईत काहीतरी तळतंय आणि पलीकडच्या खोलीत दार लावून कुणीतरी बारीक आवाजात गातंय. बायकोने विचारलं, "रेडिओ बिघडलाय का?" आज सात महिन्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा तरी हाच संच लागतो. पण ते श्रेय संच काढणाऱ्यांचं नाही.

मोठी तक्रार आधी सांगतो. वेग. जुनी तबकडी म्हणजे मिनिटाला 78 फेरे असं आपण धरून चालतो, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसा नियम पक्का नव्हता. कधी सत्तरीच्या आसपास, कधी ऐंशीच्या पुढेही. 74 वर मुद्रित झालेली तबकडी 78 वर वाजवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय पळते आणि तिशीतला माणूस कोवळा पोर वाटायला लागतो. चायकोव्स्कीच्या 'येवगेनी ओनेगिन' या ऑपेरातलं लेन्स्की या तरुण कवीचं द्वंद्वयुद्धाआधीचं पद ई मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवर षड्ज पांढरी तीन. मी पेटी काढून बसलो. या संचात तो लागतो पांढरी चारला! गायक सोयीसाठी पट्टी उतरवून घेतात. फिगनर या टेनरसाठी तर खुद्द चायकोव्स्कीने 'क्वीन ऑफ स्पेड्स' ऑपेरातलं नायक हर्मनचं शेवटचं गाणं खाली उतरवून दिलं होतं. पण मुद्दाम चढवून कोण घेईल? ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग साडेपाच टक्क्यांनी कमी केला (सूर आणि लय एकदमच उतरायला हवेत, नुसता सूर उतरवून उपयोग नाही) आणि तो 'कोवळा पोर' एकदम मोठा झाला.

दुसरी तक्रार: खरखर काढण्याच्या नादात काही ठिकाणी आवाजाचं वरचं टोकही कापलंय. मुळात ते भोंग्यापुढे गाऊन केलेलं मुद्रण. मायक्रोफोन नाही, वीज नाही. भोंग्याला खर्ज नीट पकडता येत नाही आणि 'स'कारासारखे वरचे ध्वनीही हरवतात. जे थोडं उरतं तेही पुसलं तर राहिलं काय? खरखर असू द्यावी. आठवडाभरात कान ती आपणच बाजूला सारतो; बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक गंमत म्हणजे तबकड्या ज्या लाखेच्या बनायच्या, ती लाख तेव्हा जगभर मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. आणि 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचा आवाज पकडणारा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग त्याआधी रशियात काम करून आला होता.

आता गाणं. सोबिनोव मूळचा यारोस्लाव्हलचा. मॉस्को विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, प्लेवाको या नामांकित वकिलाच्या हाताखाली काम केलं, आणि 1897 मध्ये रुबिनस्टाइनच्या 'डेमन' ऑपेरातून मॉस्कोच्या बल्शोई नाट्यगृहाच्या रंगमंचावर आला. आवाज मोठा नाही. ज्यांना तळपती तान आणि छप्पर उडवणारा वरचा सूर हवा त्यांनी त्याच्याच काळातल्या येर्शोव या टेनरकडे जावं. मात्र येर्शोवच्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. सोबिनोवचं वैशिष्ट्य शब्दात आहे. मी रशियन लिपी शिकलो आणि पुश्किनच्या ओळी समोर ठेवून ऐकायला लागलो, तेव्हा कळलं की तो ओळ संपवत नाही, सोडून देतो. शेवटचं अक्षर बारीक होत जातं, पण विझत नाही. थोड्याच वेळात मरणार हे जवळजवळ ठाऊक असलेला लेन्स्की रडत नाही, आठवत बसतो. पूर्ण पदाला सहाएक मिनिटं लागतात आणि तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूत तेवढी जागाच नाही, त्यामुळे काटछाट सोसावी लागते. तरीही.

मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तो दोनित्सेत्तीच्या 'डॉन पास्क्वाले'त गायला, 1911 मध्ये दिग्दर्शक मेयरहोल्डने बसवलेल्या ग्लुकच्या 'ऑर्फियस'मध्ये नायक झाला, 1917 मध्ये बल्शोईचा संचालकही. यातलं एक अक्षर सोबतच्या पुस्तिकेत नाही. तिच्यात आहेत चार गुळगुळीत विशेषणं आणि पुसट फोटो. कुठलं मुद्रण कोणत्या वर्षाचं तेही नाही! 1934 मध्ये तो रीगात वारला. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत त्याच्या थडग्यावर शिल्पकार वेरा मुखिनाने घडवलेला पांढऱ्या संगमरवराचा, मरणारा हंस आहे. वॅग्नरच्या ऑपेरातला त्याचा लोहेनग्रिन गाजला होता, आणि लोहेनग्रिन येतो तो हंसाने ओढलेल्या नावेतून. या हंसाचा फोटो छापला असता तरी पुस्तिकेचं चीज झालं असतं.

घ्यायचाच असेल तर पियानोच्या साथीची सुरुवातीची मुद्रणं आधी लावू नका. तो पियानो पत्र्याचा डबा बडवल्यासारखा वाजतो. 1910 च्या आसपासची, ऑर्केस्ट्राची साथ असलेली आधी ऐका. हेडफोन नको, खोलीत एकाच स्पीकरवर, आवाज बेताचा. पाचांपैकी तीन तारे, ते तिन्ही सोबिनोवचे. तिसऱ्या सीडीचा वेग मी अजून दुरुस्त करतोय. रोज एक गाणं, पेटी शेजारी ठेवून.