जी-स्केल ट्राम, दिवाळी ते मिरग: गाडी टिकली, कंट्रोलर गेला, तारेनं जीव खाल्ला

माझ्या मॉडेल ट्रामच्या कंट्रोलरची (रुळांना वीज देऊन गाडीचा वेग ठरवणारा डबा) वॉरंटी नाकारल्याचं उत्तर परवा आलं. कारण काय, तर "गाडीची बॉडी उघडलेली आहे". उघडली ट्राम, जळाला सॉकेटला लावायचा डबा. या दोघांचं नातं काय, असं विचारलं तर म्हणे अख्खा सेट मूळ खोक्यासकट स्वखर्चानं पाठवा, मग तपासू. जालन्याहून ते खोकं पाठवायचे कुरिअरवाल्यानं जेवढे सांगितले तेवढ्यात माझी बॅटरीची सगळी व्यवस्था झाली आणि वर चहाला उरले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. गाडीबद्दल मात्र लिहितो, कारण तिचा यात काही दोष नाही.

सेट दिवाळीच्या बोनसमधून घेतला. दोन ॲक्सलची पिवळी ट्राम, ४५ मिलिमीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर), पितळी रुळांचं एक वर्तुळ आणि थोडे सरळ तुकडे. बाकी खोक्यावर छापलेलं असतंच. घरी सगळ्यांचं म्हणणं होतं, घ्यायचंच तर वाफेचं इंजिन घ्या. मराठवाड्यात ट्राम पाहिलीय कोणी? मी ट्रामवर अडलो ते जागेच्या हिशोबानं. सेटमधल्या आर-वन नावाच्या वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर. जी-स्केलच्या १:२२.५ या मापानं ती खऱ्या रस्त्यावर साडेतेरा मीटर होते. एवढ्या वळणात मोठ्या रेल्वेचं काम नाही, आणि लांब डब्याचं मॉडेल घेतलं तर त्याची टोकं रुळाबाहेर लटकतात. ट्राम खऱ्या शहरातही अशाच कोपऱ्यांतून वळते, म्हणून स्लॅबवर ती खोटी वाटत नाही. पाण्याची टाकी, सोलर आणि कुरडया वाळवायची जागा सोडून आमच्याकडे जो कोपरा उरतो त्यात ट्रामच बसते.

शिवाय ४५ गुणिले २२.५ केलं की १०१२ येतात, म्हणजे जवळपास मीटर गेज. निजामाच्या काळात मनमाडहून जालना, परभणी, नांदेडकडे पडलेली लाइन मीटर गेजच होती. ब्रॉडगेज झाली ती नव्वदच्या दशकात. तेव्हा कधी ट्रामचा कंटाळा आलाच तर त्याच रुळावर जुनी काचीगुडा पॅसेंजर उभी करता येईल. पैसे वाया जात नाहीत हे घरात पटवायला हा मुद्दा कामाला आला.

कंट्रोलरचा डबा गेला तो लाइट जाऊन परत आली तेव्हा. नवा मागवायचा तर त्याच्या किमतीपेक्षा टपाल आणि कस्टम भारी. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर पडून होता. ही मोटर साध्या डीसीवर चालते, अगदी २०-२४ व्होल्टपर्यंत घेते, त्यामुळे १९ भरपूर. मध्ये डीसी मोटरचा पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवणारा) स्पीड कंट्रोलर आणि उलट-सुलट चालवायला सहा पायांचा टॉगल स्विच. आणि २ अँपिअरचा फ्यूज, तो टाळू नका. गाडी रुळावरून घसरली की चाकं दोन्ही रूळ जोडतात आणि शॉर्ट होतो. चार्जर स्वतःला वाचवतो, स्वस्तातल्या कंट्रोलरमधली मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) वाचेलच असं नाही.

गाडी पळाली. पण रूळ पुसायचा उद्योग मागे लागला. उघड्यावर पितळ काळं पडतं, त्यावर मोंढ्याकडची धूळ, त्यावर मिलची काजळी. सकाळी स्पिरिटच्या फडक्यानं पुसावं तर संध्याकाळी दिवे परत लुकलुकतात. पॉलिशपेपर मारू नका, ओरखड्यांत घाण आणखी धरते. हा उद्योग थंडी संपेपर्यंत केला, मग चाकांकडून मोटरला येणाऱ्या तारा तोडल्या आणि आत बॅटरी बसवली. (वॉरंटी याच "उघडण्या"वरून गेली. डबा तोवर कधीच जळून बसला होता, पण ते कोण ऐकतो?)

बॅटरी म्हणजे १८६५० मापाचे तीन लिथियम सेल सिरीजमध्ये, सोबत तीन सेलचा बीएमएस, म्हणजे सेलना जपणारं सर्किट. नाममात्र ११.१ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर १२.६. कमी वाटतं, पण जरा हिशोब करा. खरी ट्राम ताशी १५ किलोमीटरनं चालली तर या मापात सेकंदाला साडेअठरा सेंटिमीटर होतात. स्टार्टर सेटवाले गाडी याच्या कितीतरी पट पळवतात आणि मग खेळण्यासारखी दिसते म्हणून रडतात. पहिल्यांदा मोटर ड्रायव्हर (बॅटरीची वीज मोटरला हवी तेवढी देणारं सर्किट) म्हणून एल२९८ लावला, सगळीकडे मिळतो म्हणून. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि त्याची उष्णता करतो, बॅटरीवर हे परवडत नाही. मॉस्फेटचा ड्रायव्हर लावल्यावर गाडी हळू सुटायला लागली. ईएसपी३२ या छोट्या वायरलेस बोर्डावरून मोबाइलनं चालते. दोन सूचना: चाकांच्या तारा खरोखर तोडल्यात याची मीटरनं खात्री करा, नाहीतर कोणी रुळाला करंट दिला की तो थेट बॅटरीत. आणि ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४२-४३ होतं, उन्हात ठेवलेल्या बॉडीच्या आतलं विचारू नका. चार्जिंग रात्री, घरात.

बॅटरी बसली आणि माझा पहिला सल्ला बदलला. दिवाळीत कोणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, पितळी रुळाचे जास्तीचे तुकडे सेटसोबतच घ्या, स्वस्त पडतात. आता म्हणतो, एकही घेऊ नका. पितळ लागतं ते करंटसाठी. करंट गाडीतच असेल तर रूळ कशाचाही चालतो, आणि जालन्यात लोखंडाला काय तोटा? पितळी रुळाची उंची साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. भंगारातून ८ बाय ३ ची पट्टी आणली, लाकडी स्लीपरला खाचा पाडून उभी ठोकली, आतून आत ४५ ठेवलं. गंजते, गंजू दे. दोन्ही बाजूंना आणि मधे सिमेंटचा थर दिला, फक्त चाकाच्या कडेपुरती फट सोडली, की रूळ रस्त्यात गाडल्यासारखा दिसतो. ट्रामचा रूळ असाच हवा. वर काढलेला रूळ रेल्वेचा.

आता मूळ दुखणं. तार.

सेटमधली ट्रॉलीची काठी (छपरावरून वरच्या तारेला टेकते ती) प्लॅस्टिकची, स्प्रिंग नावापुरती, आणि वरची तार दिलेलीच नाही. विक्रेता म्हणतो शोपीस आहे. गाडी बॅटरीवर गेल्यावर घरूनही तेच: "तारेत करंटच नाही तर तार कशाला लावू राहिले तुम्ही?" प्रश्न चोख आहे, उत्तर माझ्याकडे नाही. पण वर तार नसलेली ट्राम मला बघवत नाही. काठी हवेत टेकलेली, कशालाच धरलेली नाही. गाडीच्या पैशापेक्षा जास्त वेळ या एका तारेत गेला आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

काठी सायकलच्या स्पोकची केली, दोन मिलिमीटरची पोलादी, सरळ आणि ताठ. टोकाला तारेखाली घसरणारा खोबणीचा पितळी बूट लेथवाल्याकडून. स्प्रिंग कपड्याच्या चिमट्यातली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दाबून पाहिलं: वीस-तीस ग्रॅमचा रेटा पुरतो, त्याहून जास्त झाला तर तार वर उचलते आणि वळणावर हलकी गाडी कलंडते. काठी नेहमी गाडीच्या मागं ओढत जायला हवी. उलट ढकलली की पहिल्याच खांबात अडकून वाकते. खऱ्या ट्रामवर शेवटच्या थांब्याला कंडक्टर दोरीनं काठी फिरवायचा, आमच्याकडे ते काम भाच्यानं हट्टानं घेतलंय.

वळणावर बूट सुटायचा. गोलाला बारा तुकडे, म्हणून मी बारा खांब उभे केले होते. तार दोन खांबांच्या मधे सरळ जाते, रूळ वळत जातो. ३०-३० अंशांवर खांब असतील तर मध्यावर तार रुळाच्या मधोमधपासून वीस मिलिमीटर आत सरकते आणि प्रत्येक खांबापाशी ३० अंशांचा कोन होतो. बूट तिथंच उडी मारतो. खांब १५ अंशांवर केले की तीच तफावत पाच मिलिमीटरवर येते. म्हणजे पूर्ण गोलाला चोवीस खांब. लेथवाला म्हणाला, "सर, ट्राम एक अन् खांब दोन डझन, हे काय इलेक्ट्रिक बोर्डाचं टेंडर हाय काय?" पैसे मात्र त्यानं टेंडरचेच लावले.

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवट असा होता: उन्हाळ्यात तार लावू नका, मनस्ताप होतो. ते वाक्य काढून टाकतोय. संध्याकाळी ताठ बसवलेली तार दुपारी दोनला लोंबायची, मला वाटायचं खांब हलले. खांब जागेवर होते. सकाळच्या मानानं उन्हात तांब्याची तार तीसेक अंशांनी जास्त तापली तर मीटरभर तारेची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. पण दोन खांबांमधल्या मीटरभराच्या गाळ्यात त्या अर्ध्या मिलिमीटरनं झोळ तेरा-चौदा मिलिमीटरचा पडतो. वही-पेन्सिल घेऊन करून पाहा, मलाही खरं वाटलं नव्हतं. वळणावरचे गाळे दीडशे मिलिमीटरचे, तिथं हाच हिशोब दोन मिलिमीटरवर आटोपतो, म्हणून वळणावर दुपारीसुद्धा त्रास नव्हता.

उपाय मोठ्या रेल्वेचाच. सरळ भागात तारेचं एक टोक पक्कं, दुसरं कप्पीवरून खाली सोडून त्याला वजन. वाण्याच्या जुन्या तराजूचं अर्धा किलोचं माप टांगलं, झोळ गेला. वळणाची तार वेगळी, दोन्ही टोकांना पक्की. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची, एक मिलिमीटरची. मऊ असते, आधी दोन माणसांनी जराशी ओढून घ्यायची म्हणजे कडक होते. फॉस्फर ब्राँझ मिळालं तर उत्तमच, पण मागवायला जाल तर पुन्हा तेच टपाल आणि कस्टम.

बॉडीबद्दल थोडक्यात. युरोपी पिवळी उतरवून मुंबईची चढवायचा विचार असेल तर माप आधी ठरवा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ ला आली, ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, आणि तिचा रूळ स्टँडर्ड गेजचा होता, १४३५ मिलिमीटर. ४५ च्या रुळावर ती १:३२ लाच खरी बसते, २२.५ ला नाही. म्हणजे मॉडेल पिवळीपेक्षा लहान होईल. तोटा नाही, ट्रॅक्टरची मॉडेलं १:३२ मध्ये सहज मिळतात, शेजारी उभी करायला. मी १९२० ची डबलडेकर करणार आहे. सनबोर्डची (फोमशीटची) बॉडी केली होती, उन्हात पापडासारखी वाकली. दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडे एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) शीटचे तुकडे फुकट पडून असतात, ते वापरा, गाडीच्या टचअपचा स्प्रे त्यावर धरतो. सध्या पिवळीवरच पाटी लावलीय: गांधी चमन ते मोती तलाव.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी पूर्ण सेट घेऊ नये. दोन ॲक्सलचा चांगला मोटर ब्लॉक (मोटर, गिअर आणि चाकं एकत्र असलेला) घ्या, जुना असला तरी चालेल, बाहेरून आणायचं तेवढंच. रूळ, तार, बॉडी, बॅटरी सगळं इथं जमतं. आणि विक्रेत्याशी किमतीची घासाघीस करण्याआधी त्याला विचारा की सुटे गिअर आणि मोटरचे कार्बन मिळतात का. "बघून सांगतो" म्हणाला तर फोन ठेवा.