हिअर, माय डिअर: मार्विन गेचा दुहेरी एलपी

अमेरिकन गायक मार्विन गेचा १९७८ चा हा दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा अल्बम पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. त्यामागचा व्यवहार आधी ठाऊक हवा. ॲना गॉर्डीशी घटस्फोट झाला तेव्हा मार्विन कर्जात होता, म्हणून पुढच्या अल्बमच्या कमाईतून तिला पैसे द्यायचे ठरले. तोच हा अल्बम. कव्हर उघडलं की मोनॉपॉलीसारखा पट दिसतो आणि त्यावरून पुरुषाचा हात बाईच्या हाती रेकॉर्ड देतोय.

प्रेम नेमकं कधी संपलं हे विचारणारं गाणं तीनदा येतं: पूर्ण, मग नुसत्या वाद्यांवर आणि अगदी शेवटी तुकड्यापुरतं. मागे साथीला गाणारे आवाजही मार्विनचेच, थरावर थर चढवलेले. छोट्या स्पीकरवर ते एकमेकांत मिसळतात, हेडफोन लावाच. नाचायचा ठेका शोधाल तर निराश व्हाल. चौथ्या बाजूचं अंतराळातलं गाणं मात्र आठ मिनिटं उगाच ताणलंय.

पुढे कोकेन आणि करांची थकबाकी त्याला युरोपात घेऊन गेली. १ एप्रिल १९८४ ला, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वडिलांनीच त्याला गोळी घातली. हे माहीत असताना पहिल्या बाजूवरचा तो शांत आवाज फार लागतो.