पेपर्स, प्लीज: शिक्का मारणाऱ्याच्या खुर्चीतून हुकूमशाही

डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीखालच्या भयाण समाजाच्या, कथांचा साचा एव्हाना पाठ झाला आहे: भिंतीवर घोषणा, प्रत्येकावर पाळत आणि एक दिवस डोळे उघडून बंड करणारा नायक. लुकास पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (2013) या गेममध्ये घोषणा आणि पाळत भरपूर आहे. नायकाच्या जागी मात्र खिडकीमागचा सरकारी कारकून आहे, आणि ती खुर्ची तुमची.

नोव्हेंबर 1982. अर्स्टोट्झ्का या काल्पनिक साम्यवादी देशात कामगार सोडतीत तुमचा नंबर लागतो आणि ग्रेस्टिनच्या सीमानाक्यावर नेमणूक होते. कागद बघायचे, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. माणशी 5 क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन. पहिल्या दिवशी फक्त देशाचे नागरिक आत, दुसऱ्या दिवसापासून परदेशीही. मग नाक्यावर हल्ला होतो आणि तिथून नियम वाढतच जातात: प्रवेशपत्र, ओळखपत्र, कामाचा परवाना, शेवटी शेवटी लसीकरणाचा दाखलासुद्धा.

टेबल मुद्दाम लहान ठेवलं आहे. चार कागद आणि नियमपुस्तिका एकावर एक चढतात, हवा तो कागद नेमका खाली जातो. म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी मुदत, मग पासपोर्ट देणारं शहर, मग फोटो, शेवटी सगळ्या कागदांवरचे नंबर. कोलेचिया या शेजारी देशाच्या पासपोर्टवर युर्को सिटी, वेडोर किंवा वेस्ट ग्रेस्टिन एवढंच चालतं. ‘ईस्ट ग्रेस्टिन’ दिसलं की तो बनावट. घाईत सगळ्यांत जास्त हुकतं ते वजन. कागदावरच्या आकड्यापेक्षा काटा जास्त दाखवत असेल, तर अंगावर काहीतरी लपवलेलं असू शकतं.

खरी गंमत हिशेबात आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसरीपासून दंड. संध्याकाळी भाडं, जेवण, शेगडीचा खर्च वजा होतो. जेवण किंवा शेगडी टाळत राहिलं की घरचं कोणीतरी आजारी पडतं. एके दिवशी एक नवरा रीतसर कागद दाखवून आत जातो. रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे प्रवेशाचा परवाना नाही. तिला सोडायचं का? तत्त्वबित्त्व राहतं बाजूला, आजची एखादी ताकीद शिल्लक आहे का, एवढंच आपण बघतो. दडपशाही माणसाकडून कामं कशी करून घेते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणाऱ्या कादंबऱ्याही थोड्याच.

त्यामानाने गुप्त बंडखोर संघटनेचं उपकथानक फिकं आहे. बुरखाधारी माणसं, सांकेतिक चिठ्ठ्या, सगळं ओळखीचं. खोटा पासपोर्ट घेऊन हसत हसत परत येणारा जॉर्जी एकटाच त्याहून जास्त लक्षात राहतो.

2022 पासून गेम फोनवरही आहे, पण कागद सरकवण्याची तारांबळ माऊसवरच खरी रंगते. झडतीच्या छायाचित्रांत नग्नता आहे. घरात मुलं असतील तर सेटिंगमध्ये ती आधी बंद करा. शेवट एकूण 20 आहेत. त्यासाठी दर वेळी पहिल्या दिवसापासून सुरुवात करू नका: प्रत्येक दिवस वेगळा सेव्ह होतो, हव्या त्या दिवसावर परत जाऊन तिथून नवा फाटा धरता येतो.