व्हिएन्नाहून ट्रेनने बुडापेस्ट : जा, पण रात्र तिथेच काढा

व्हिएन्नाला मुलाकडे, भाच्याकडे जाणारी इंदूरची मंडळी हल्ली बरीच झालीत आणि सगळ्यांचा एकच प्लॅन असतो, सकाळच्या ट्रेनने बुडापेस्ट आणि संध्याकाळी परत. कृपा करून असं करू नका. दिवसा बुडापेस्ट छानच आहे हो, पण खरी मजा दिवे लागल्यावर सुरू होते, आणि ज्यांना सराफ्यात, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, रात्री अकरानंतर भुट्ट्याचा कीस खायची सवय आहे त्यांना हे मी काय वेगळं सांगू. माझ्याकडून ट्रेनला पाचपैकी पाच, फिरण्याला साडेचार, रात्रीला पुन्हा पाच, आणि जेवणाला व्हेजवाल्यांच्या हिशोबाने तीन, तेही जरा हात सैल सोडून.

आधी ट्रेन, कारण आमचे हे रेल्वेच्या रतलाम डिव्हिजनमधून रिटायर झालेले, त्यांना शहरापेक्षा गाडीतच जास्त इंटरेस्ट. व्हिएन्नाच्या मेन स्टेशनवरून, म्हणजे हाउप्टबानहोफवरून, रेलजेट नावाची लाल गाडी सुटते आणि साधारण 2 तास 40 मिनिटांत बुडापेस्टच्या केलेती स्टेशनला पोचवते, दिवसभर जवळजवळ दर तासाला एक आहे. गाडीची क्षमता ताशी 230 किलोमीटरची, पण हंगेरीत शिरल्यावर 160 च्या वर जात नाही, ह्यांनी मोबाईलवर स्पीड बघत बघत सगळ्या डब्याला नाही तरी मला तरी ते ऐकवलंच. एक गोष्ट नीट समजून घ्या, आपल्याकडे कन्फर्म तिकीट म्हटलं की सीट नंबर त्यातच येतो, तिकडे तिकीट वेगळं आणि सीटचं रिझर्व्हेशन वेगळं, थोडे युरो जास्त भरून वेगळं घ्यावं लागतं. नाही घेतलं तरी चढता येतं, सीटच्या वर छोटा डिस्प्ले असतो, त्यावर नाव-गाव दिसत नसेल तर बसा, पण शुक्रवार-रविवारी आणि सोबत मोठ्या बॅगा असतील तर हा जुगार नको. स्पारशीने नावाचं स्वस्त तिकीट आधीच काढलं तर खूप फरक पडतो, मात्र ते त्याच गाडीचं असतं, ती चुकली की पैसे गेले.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, आहेत त्यामुळे बॉर्डरला स्टॅम्प वगैरे काही नाही, पण पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नका, गाडीत चेक करायला येऊ शकतात. बसल्यावर अर्ध्या तासात पवनचक्क्यांचं जंगल लागतं, आपल्या देवासच्या टेकडीवर दिसतात तशाच, पण इथे सपाट मैदानात शेकड्याने. मग ग्यॉर, मग तातबान्या, तिथे डोंगरावर पंख पसरलेला एक भला मोठा पक्षी दिसतो, तो तुरुल, हंगेरीच्या लोककथांमधला, 1907 चा पुतळा आहे. डब्यांमध्ये एक बिस्ट्रो कोच असतो, कॉफी ठीक, सँडविच महाग, आम्ही घरून थेपले नेले होते.

केलेती स्टेशन 1884 चं. बाहेर येऊन मागे वळून दर्शनी भिंतीकडे नक्की बघा, जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफनसनचे पुतळे आहेत, स्टेशनवर देव-राजे सोडून इंजिनवाल्यांना मान, हे बघून आमच्या रेल्वेवाल्यांना जे भरून आलं त्यात माझी वीस मिनिटं गेली. स्टेशनखालीच एम 2 आणि एम 4 मेट्रो आहे, टॅक्सीच्या फंदात पडायचं कारणच नाही. आणि हो, तिथे युरो नाही, फोरिंट चालतो. स्टेशनाजवळच्या मशीनमधून पैसे काढताना स्क्रीनवर रुपयांत हिशोब करू का असं विचारतं, तिथे नाही म्हणायचं, फोरिंटमध्येच घ्यायचं, नाहीतर रेट चांगलाच मारतात. खरंतर कार्ड सगळीकडे चालतं, बाजारातल्या किरकोळ खरेदीसाठी थोडी कॅश पुरते.

मेट्रोची एम 1 लाइन फक्त बसायला म्हणून बसा. 1896 ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी भुयारी मेट्रो, रस्त्याच्या अगदी खाली, दहा-बारा पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म, पांढऱ्या टाइल्स, लाकडी कपाटासारख्या छोट्या खोल्या आणि पिवळे बुटके डबे. आपल्या इंदूरची मेट्रो 2025 ला सुरू झाली, तेव्हा हिशोब तुम्हीच लावा. साधं तिकीट काढलं तर आत जायच्या आधी मशीनमध्ये पंच करायचंच, चेकर दारातच उभे असतात आणि टुरिस्ट म्हणून सोडत नाहीत. सोपा मार्ग म्हणजे 24 किंवा 72 तासांचा पास, ट्राम-बस-मेट्रो सगळं त्यात.

याच एम 1 ने सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडांना जाता येतं, स्टेशनचं नावच ते आहे. 1913 ची पिवळी राजवाड्यासारखी इमारत, मधोमध उघड्यावर मोठाले हौद, आणि जमिनीतून 70 डिग्रीच्या वर तापलेलं पाणी येतं ते निववून सोडतात. पाण्यात गळ्यापर्यंत बसून आजोबा लोक बुद्धिबळ खेळतात हे फोटोत बघितलं होतं, खरंच खेळतात. बायकांसाठी सांगते, साधा टी-शर्ट लेगिंग घालून उतरायचा विचार करू नका, स्विमिंगचेच कपडे लागतात, पण पूर्ण अंगाचा स्विमसूट घालून गेलं तर कोणी वळूनही बघत नाही. स्लिपर आणि टॉवेल सोबत न्या, तिथे विकत घेतलं की डोळे पांढरे होतात.

पार्लमेंट आतून बघायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वेळ ठरलेली असते आणि युरोपियन युनियनवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त पैसे पडतात. 691 खोल्या, 96 मीटर उंच घुमट, आणि तो 96 आकडा मुद्दाम, मग्यार लोक, म्हणजे हंगेरियन, 896 मध्ये इथे आले असं मानतात म्हणून. सेंट स्टीफनच्या बॅसिलिकाची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची, उंचीही तेवढीच. पार्लमेंट आतून सोनंच सोनं, छान आहे, पण आमच्या मते पैसे वसूल होतात ते रात्री आणि तेही फुकटात. एम 2 ने नदीपलीकडे बात्यानी तेरला (तेर म्हणजे चौक) उतरा, समोर अख्खं पार्लमेंट दिव्यांनी उजळलेलं, खाली डॅन्यूबमध्ये त्याचं प्रतिबिंब. लोक यासाठी क्रूझचे पैसे मोजतात, मोजा, पण आधी इथे उभं राहून बघा आणि मग ठरवा. 2 नंबरची ट्राम पार्लमेंटच्या बाजूच्या काठाने जाते, तिकडून पलीकडच्या बुडा भागातला किल्ला आणि 1849 चा चेन ब्रिज दिसतो, खिडकीची सीट पकडा बस. बुडाच्या टेकडीवर फिशरमन्स बॅस्टियन नावाचा बुरुजांचा सज्जा आहे, तिथेही दिवसा वरच्या गच्चीचे पैसे घेतात आणि उशिरा रात्री काही नाही, देआक तेरहून 16 नंबरची बस थेट वर नेते.

आता जेवण. इथे जरा मन घट्ट करा. सूप म्हणजे मटणाचा अर्क, भाजी म्हणजे वर बेकनचे तुकडे, ही तिकडची साधी समजूत. टुरिस्ट रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये दोनदा विचारून व्हेज म्हणून मागवलेल्या नूडल्सवर बेकन निघालं आणि वेटर म्हणतो थोडंसंच आहे. वर बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला आणि तरी मशीन पुढे करून टिप विचारली. तेव्हा बिल वाचा, सेर्विझदीय असं लिहिलेलं असेल तर 10 ते 15 टक्के गेलेलेच आहेत, वेगळी टिप द्यायची गरज नाही. पाण्याचंही तसंच, गुलाबी झाकण म्हणजे साधं पाणी, निळं म्हणजे सोडा, उलटं वाटतं पण तसंच आहे.

मग खायचं काय? आंबट चेरीचं थंडगार सूप, मेज्जलेवेश म्हणतात, उन्हाळ्यात मिळतं, गोड-आंबट, आमच्या ह्यांनी दोन वाट्या घेतल्या. मशरूमचं पाप्रिकाश, म्हणजे लाल पाप्रिकाच्या रश्श्यातले मशरूम, बरोबर नोकेदली म्हणजे पिठाचे छोटे गोळे, हे पोटभर होतं, पण त्यात चिकनचा स्टॉक नाही ना ते विचारा. बेकरीतलं रेतेश, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा सारण भरलेला रोल, खसखशीचं घ्या किंवा तुरोचं, तुरो म्हणजे आपला चक्काच समजा. आणि लांगोश! यीस्टची कणीक तळून वर लसूण, सावर क्रीम आणि किसलेलं चीज, तव्यासारखा मोठा. कशात तळतात ते विचारून घ्या, पूर्वी चरबीत तळायचे, आता बरेच जण तेलात तळतात. मी पर्समधली जीरावनची, म्हणजे आपल्या इंदुरी पोह्यांवरच्या मसाल्याची, पुडी काढून वर भुरभुरवली, शेजारच्या टेबलवरच्या जर्मन मुलांनी पण मागितली, त्यांना दिली. सॉरी, पण जीरावनने तो पदार्थ सुधारतो.

रात्रीसाठी शहराचा सात नंबरचा भाग, जुना ज्यू मोहल्ला. 1944 ला इथे घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, होता, युरोपातलं सगळ्यात मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1859 चं, याच भागात आहे, दिवसा ते नीट बघून घ्या म्हणजे रात्री त्याच गल्ल्यांतून फिरताना कुठे आहोत ते कळतं. पडक्या वाड्यांमध्ये बार काढलेत त्यांना रुइन बार म्हणतात, सगळ्यात नावाजलेलं सिम्प्ला केर्त, काझिन्सी रस्त्यावर. आधी तिथे चुलींचा कारखाना होता म्हणे. आत टब कापून केलेला सोफा, मोडकी ट्राबांट गाडी बसायला, भिंतीवर काय काय लटकवलेलं, आपल्याकडे वाडा असा झाला की भाऊबंद कोर्टात जातात आणि इथे लोक रांग लावून आत येतात. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, दारात कोणी विचारलं पण नाही की काका कुठे चाललात. ह्यांनी फ्रॉच घेतली, म्हणजे वाइनमध्ये सोडा, किती वाइन किती सोडा त्यावर तिची नावं बदलतात, मी लेमोनेड घेतलं आणि ते मला जास्त आवडलं. दहानंतर गर्दी आणि आवाज दोन्ही वाढतात, तेव्हा आमच्या वयाच्यांनी आठ-साडेआठला जावं, शेजारी कारावान नावाची फूड स्टॉलची गल्ली आहे तिथे लांगोश, व्हेज बर्गर मिळतो, पोटाची सोय तिथे करा. पालिंका नावाची फळांची दारू कोणी आग्रहाने पाजली तर जपून, नाव फळाचं आणि काम वेगळंच.

हॉटेल मात्र या मोहल्ल्यात घेऊ नका, खिडकीखाली पहाटेपर्यंत कोणीतरी गातच असतं. केलेतीच्या आजूबाजूला किंवा एम 4 वर कुठेही घ्या, परतीला सोपं पडतं. आणि रविवार मधे येत असेल तर सकाळी पुन्हा सिम्प्लाला जा, त्याच आवारात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, मध, चीज, लोणची, पाव, आदल्या रात्रीची एक खूण दिसत नाही. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मुलाच्या घरी न्यायला काय घ्यायचं ते इथूनच घ्या, पाप्रिकाची पुडी घेताना गोड की तिखट ते बघून, एदेश म्हणजे गोड, चिपोश म्हणजे तिखट, आपल्या लोकांनी चिपोशच घ्यावी.