‘पोर्ट उडालाय’ म्हणत वाजणारा बीप

लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि पडद्यावर नुसतं ‘नो सिग्नल’ आलं, की लोक लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात जातात. तिथे हमखास चालणारी युक्ती मल्टिमीटरची, म्हणजे दोन टोकं विजेने जोडलेली असली की बीप देणाऱ्या मीटरची. कारागीर एक टोक एचडीएमआय पोर्टच्या (टीव्हीची केबल लावायच्या खाचेच्या) पत्र्याला लावतो, दुसरं बारीक टोक आतल्या पिनेला. बीप वाजतो. ‘ऐकलंत ना साहेब? शॉर्ट आहे. पोर्ट गेलाय, ग्राफिक्स चिपचंही काम निघेल, साडेचार हजार धरा.’

या पोर्टला १९ पिना असतात. त्यातल्या २, ५, ८, ११ आणि १७ या ग्राउंडच्याच, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूच्या, आणि बाहेरचा पत्राही ग्राउंडलाच जोडलेला. तिथे बीप वाजायलाच हवा. नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही वाजेल. लॅपटॉप बंद करून १८ नंबरच्या, म्हणजे ५ व्होल्टच्या पिनेवर लावून दाखवा म्हणावं. तिथे सलग बीप आला तर मात्र बिघाड खरा असू शकतो.

बिघाड बहुतेकदा सॉफ्टवेअरमध्ये असतो. नुकतंच कुणाकडून विंडोज नव्याने टाकून घेतलं असेल तर आधी डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलेलाच नाही. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन चालते, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी स्क्रीन मात्र लागत नाही. कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल शोधून ड्रायव्हर उतरवायचा, तो फुकट मिळतो. दुकानदार आत नेऊन हेच करतो आणि बिलावर ‘चिप रिबॉलिंग’ (चिप काढून पुन्हा नव्याने सोल्डर करणं) लिहितो.

त्याआधीचं घरचं काम पाच मिनिटांचं. केबल टीव्हीच्या ज्या खाचेत आहे तोच नंबर रिमोटच्या सोर्समध्ये निवडा. मग विंडोजचं बटण दाबून धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ घ्या. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’वर राहिलं असेल तर टीव्ही कोराच राहणार. तरीही काही नाही, तर टीव्ही भिंतीवरच्या बटणावरून मिनिटभर बंद ठेवा. केबल सेट टॉप बॉक्सची लावून बघा, म्हणजे केबलचा संशय तिथेच मिटतो. चित्र येऊन जाऊन करत असेल तर टीव्ही फोर-के आणि केबल जुनी, असा मामला असू शकतो. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, लगेच कळेल.

दुसरी फसवणूक गल्ल्यावरची. जुन्या लॅपटॉपला फक्त व्हीजीए (मॉनिटरचा जुना पोर्ट) असेल, तर ‘एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्याला एचडीएमआय’ अशी साधी वायर हातात ठेवतात. व्हीजीएचा सिग्नल ॲनालॉग, टीव्हीला हवा डिजिटल. मध्ये रूपांतर करणारी चिप नसेल तर ती वायर निव्वळ दोरी. खऱ्या कन्व्हर्टरला डबी असते, साधारणपणे पॉवरसाठी यूएसबीची शेपटी असते, आणि आवाजासाठी वेगळी ऑडिओ पिन, कारण व्हीजीएतून आवाज जातच नाही. दिशाही बघून घ्या: एचडीएमआयवरून व्हीजीएला नेणारा उलटा चालत नाही.

टाइप-सीचं तर फारच चाललंय. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. त्याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टमधून चित्र पाठवायची सोय, लागतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये तो पोर्ट अनेकदा फक्त डेटासाठी असतो. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण नसेल, तर आधी मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. नाहीतर टाइप-सीवरून एचडीएमआयचा अडॅप्टर घेतला आणि चालला नाही, की तो विकणाराच ‘लॅपटॉपच बिघडलाय’ म्हणतो.

लॅपटॉप ठेवायचीच वेळ आली, तर टास्क मॅनेजरमधल्या रॅम आणि एसएसडीच्या माहितीचा फोटो काढून ठेवा. काढून हलकी बसवली तर पुरावा राहतो. जॉबकार्डवर ‘जुना पोर्ट परत देणे’ असं लिहून घ्या. पोर्ट खरंच बदलला असेल तर सोल्डर लागलेले पाय असलेला जुना तुकडा निघतोच. तो दिला नाही आणि बिल मात्र लावलं, तर ते बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करा.