तुटलेला बेल्ट दुकानात सोडून येऊ नका

अंबडमधल्या एका फर्निचर कारागिराची झालेली फसवणूक जुना बेल्ट सँडर, म्हणजे दोन रोलरवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यानं लाकूड घासणारं मशीन, वापरणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावी. सुट्टे आणि स्वस्त मिळाले म्हणून त्यानं १०० बाय ६१० मिलिमीटरचे, ८० नंबरच्या दाण्याचे दहा बेल्ट घेतले. पहिला सागाच्या फळीवर टेकवल्यावर दोन मिनिटांत तुटला, दुसरा तर मशीन रिकामं फिरतानाच. दुकानदार म्हणाला, "मशीन जुनं झालंय, रोलर गेलेत." त्याच्याच ओळखीच्या दुरुस्तीवाल्यानं दोन्ही रोलर बदलून पैसे घेतले, तुटलेले बेल्टही ठेवून घेतले. घरी आल्यावर तिसरा बेल्ट तसाच उडाला.

रोलर ठणठणीत होते. मेला होता तो बेल्टचा जॉइंट. बेल्टची दोन टोकं मागून टेप लावून चिकटवलेली असतात. पत्र्याखालचा उन्हाळा आणि पावसाळी दमट हवा खात माल वर्षानुवर्षं पडून राहिला की तो चिकटवा कडक होऊन सुटतो. वरचे दाणे मात्र तसेच खरखरीत राहतात, म्हणून जुना माल कोरा म्हणून खपतो.

बेल्ट कुठे तुटला ते आधी बघा. जॉइंटवर सरळ रेषेत, टेप सुटून तुटला असेल तर पहिला संशय बेल्टवर घ्या. कडेनं दोरे निघून फाटला असेल तर तो सरकून बॉडीला घासतोय. मशीन रिकामं चालवून ट्रॅकिंगचा नॉब (बेल्ट डावी-उजवीकडे सरकवणारा) थोडा थोडा फिरवा आणि बेल्टची कड रोलरच्या कडेशी आणा. जॉइंट सोडून मध्येच आडवा फाटला तर लाकडातला खिळा किंवा बेल्टच्या आतल्या सपाट तळपत्र्याची उचललेली कड शोधा. मागच्या रोलरचं रबर खरंच झिजलं असेल तर ते गुळगुळीत, चकचकीत दिसतं आणि दाब दिला की बेल्ट घसरतो.

टोकावर टोक चढवून जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या बेल्टला मात्र दिशा असते. आतला बाण मशीनवरच्या बाणाच्या दिशेनंच हवा. उलटा चढवला तर वरचं टोक लाकडात अडकून उचकटतं, आणि तिथे दुकानदाराचा दोष नाही.

दुकानातच जॉइंट अंगठ्याभोवती हळू वाकवा. चांगला टेप बेल्टबरोबर वळतो. मेलेला तडकतो, पांढरा पडतो, कडेला नख घातलं की सुटतो. सीलबंद पाकिटावरचा महिना आणि वर्ष वाचा. आधी दोनच घ्या, चालवून बघा, मग बाकीचे. घरी दुमडून ठेवू नका, जाड पाइपाच्या तुकड्यावर टांगा.

दुरुस्ती केलीच तर काढलेले जुने रोलर परत मागा. पक्कं बिल घ्या. स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन चालवणारा कारागीरही कायद्यानं ग्राहकच आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तेव्हा ते बिल आणि तो तुटलेला बेल्ट हाताशी लागतो.