काटा फुल्ल, सिलिंडर अर्धाही नाही

स्कूबा डायव्हिंगच्या बोटीसाठी तीन इमर्जन्सी ऑक्सिजन किट. प्रत्येकी 640 लीटर, एकूण 1920, असं पावतीवर स्वच्छ लिहिलेलं. मिळाले 708. उरलेले 1212 लीटर विक्रेत्याच्या खिशात, कारण पैसे शंभर टक्के आगाऊ. (आगाऊ द्यायचेच तर निम्मे द्या. पुढचं वाचलंत की का ते कळेल.)

डिकम्प्रेशन आजाराचा (खोलातून झपाट्याने वर आल्यावर शरीरात वायूचे बुडबुडे होतात तो) संशय आला की मिनिटाला 15 लीटरने ऑक्सिजन लावायचा. त्या हिशेबाने 640 लीटर 42 मिनिटं चालतात. सरावात मास्कची पिशवी सोळावं मिनिट पुरं व्हायच्या आत सपाट झाली. नशीब, सरावच होता.

कळायला हवं होतं ते पेटी उघडली त्याच क्षणी. सिलिंडर फोममध्ये खोल रुतवलेला, वर नुसती मान. व्हॉल्व्ह उघडला, काटा 139 बारवर गेला आणि सगळे खूश. अरे, काटा दाब सांगतो, साठा नाही! 12 लीटरच्या टाकीतले 200 बार आणि 7 लीटरच्या टाकीतले 200 बार यांतला फरक पहिल्याच कोर्सला शिकवतात. तो शिकवणाऱ्यांनीच काटा पाहून माना डोलावल्या. सिलिंडरच्या खांद्यावरचा ठसा रंगाच्या जाड थराखाली बुजवलेला होता. नखाने खरवडल्यावर पाणी-क्षमता, म्हणजे आत किती पाणी मावेल ते, निघाली 1.7 लीटर. गुणिले 139, म्हणजे 236. 640 लीटर भरायला साधारण 4.6 लीटरचा सिलिंडर लागतो. दोघांच्या उंचीतच वीतभर फरक असतो, पण फोममधून उपसून बघणार कोण?

हलगर्जीपणा म्हणाल, तर म्हणा. पण सील शाबूत होतं, प्रमाणपत्र होतं, नळ्या कोऱ्या होत्या. आणि ताजा रंग म्हणजे निगा राखलेला माल असं वाटतं माणसाला. वाटू देऊ नका. त्याच रंगाखाली हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासल्याची, तारीखही गडप होते. ॲल्युमिनियमचा सिलिंडर पावडर कोटिंगच्या भट्टीत नको तितका तापला असेल, तर धातूच नरम पडलेला असतो. ठसा वाचता येत नाही तो सिलिंडर घेऊच नका.

मग बाकीचंही उघडून पाहिलं. मेडिकल ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला (सिलिंडरवर बसून दाब कमी करणारा भाग) 2 आणि 5 या जागी पिना असतात, चुकीच्या वायूच्या सिलिंडरवर तो बसूच नये म्हणून. एका रेग्युलेटरवर एकावर एक दोन वॉशर चढवले होते. त्याने पिना भोकांपर्यंत पोचत नाहीत आणि तो कशावरही बसतो. दुसऱ्याच्या सीटवर, म्हणजे तो सिलिंडरला टेकतो तिथे, पिवळट ग्रीस! साधं ग्रीस, 139 बारचा ऑक्सिजन आणि झटक्यात उघडलेला व्हॉल्व्ह, म्हणजे आगीला निमंत्रणच. व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा.

‘डिमांड व्हॉल्व्ह’ म्हणून दिलेली वस्तू सतत फुसफुसत होती. खरा डिमांड व्हॉल्व्ह श्वास घेतला की सुरू होतो, सोडला की गप्प. म्हणून तर साठा जास्त वेळ टिकतो. मास्कच्या बाजूच्या भोकांवर सिलिकॉनच्या पातळ चकत्या लागतात, तिथे एकही नव्हती. रुग्ण ओढतो ती बाहेरची हवा, आणि आपण समजतो ऑक्सिजन चाललाय.

तक्रारीचं काय विचारता! विक्रेता म्हणे, गॅस भरणाऱ्याला विचारा. भरणारा म्हणे, आम्ही दाब भरतो, लीटर मोजत नाही. बँकेने कळवलं, माल पोचल्याची सही आहे, वाद मिटला. पोलीस चौकीत प्रश्न आला, “ऑक्सिजन मिळाला ना? मग फसवणूक कसली?” ग्राहक तक्रार कक्षाला वैद्यकीय उपकरणाचं प्रकरण वाटलं, वैद्यकीय उपकरणवाल्यांना ते खेळाचं सामान वाटलं, आणि सिलिंडर तपासणाऱ्यांनी ठशाचा फोटो मागवला, तोही रंग न खरवडता! नखाच्या ओरखड्याला ते ‘छेडछाड’ म्हणतात. ज्याने अख्खा खांदा रंगवून बुजवला त्याची छेडछाड कुणाला दिसत नाही. तेव्हा खरवडण्याआधी व्हिडिओ काढा, सीलसकट, आणि तोही डिलिव्हरीवाला समोर उभा असताना.

त्याच पेटीची जाहिरात अजून चालू आहे. स्टिकरवर आता 640 च्या जागी 680 आहे.